घरात मंद जांभळा रंग कसा वापरावा

भिंतींना जांभळा रंग द्यायचा म्हटले की घरातल्या निम्म्या माणसांच्या कपाळावर आठ्या पडतात. भडक जांभळ्याच्या बाबतीत ही धास्ती रास्त आहे, कारण पूर्ण तीव्रतेचा जांभळा चारही भिंतींवर चढला की तो बाकी कोणत्याही वस्तूकडे लक्ष जाऊ देत नाही आणि थोड्याच दिवसांत त्याचा शीण येतो. मंद जांभळ्याचे तसे नाही. जांभळ्यात करडा, तपकिरी किंवा त्याचा विरोधी असलेला पिवळा बेताने मिसळून त्याची धार उतरवली की लांबून जवळजवळ करडा वाटणारा, पण खोलीत काही वेळ बसल्यावर आपले जांभळेपण हळूहळू जाणवून देणारा एक भारदस्त रंग तयार होतो. पांढऱ्या किंवा क्रीम भिंतींचा ज्यांना कंटाळा आला आहे, पण ठळक रंगाची भीती वाटते, त्यांच्यासाठी याहून चांगला पर्याय मला क्वचितच सुचतो.

हा रंग वापरताना खरी अडचण येते ती अंदाज बांधण्यात. उजेड बदलला, शेजारचा रंग बदलला किंवा रंगवलेले क्षेत्र वाढले की इतर कोणत्याही सौम्य रंगापेक्षा तो अधिक पालटतो, त्यामुळे शेडकार्डावरचा एखादा चौकोन आवडला म्हणून थेट डबा आणण्याची सवय इथे महागात पडते. भिंत रंगवण्याचे काम इतर कोणत्याही रंगासारखेच आहे. कस लागतो तो निवडीत, आणि म्हणून या लेखातही निवडीच्या भागावर मी अधिक थांबणार आहे.

करडेपणा किती आणि कोणत्या बाजूचा

अमेरिकन चित्रकार आणि कलाशिक्षक आल्बर्ट मन्सेल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रंग मोजण्याची जी पद्धत मांडली, तिच्यात प्रत्येक रंगाचे तीन गुण वेगळे धरले जातात: तो मुळात कोणता रंग आहे, तो किती उजळ किंवा गडद आहे आणि त्याची तीव्रता किती आहे. जांभळा निवडताना हे तीन प्रश्न स्वतंत्रपणे विचारले की बराच गोंधळ मिटतो. फिकट आणि मंद या दोन गोष्टी एक नाहीत. केवळ पांढरा मिसळून फिकट केलेला लव्हेंडर उजळ असतो, पण त्याचा जांभळेपणा बराचसा शिल्लक राहतो आणि संपूर्ण खोलीत तो गोडगोड वाटू लागतो. उलट वांगी किंवा आमसुली छटेचा गडद रंग पुरेसा करडा असेल तर गडद असूनही शांत राहतो. आपल्याला कमी करायची आहे ती तीव्रता. उजळपणा किती ठेवायचा हे खोलीत येणाऱ्या उजेडावरून ठरवावे.

यानंतर रंगाची झाक पाहावी. मंद जांभळा साधारणपणे निळसर, गुलाबीसर, तपकिरी किंवा निव्वळ करड्या बाजूला झुकलेला असतो. निळसर झाकेचा जांभळा टापटिपीचा आणि थंड वाटतो. गुलाबीसर झाकेला बरेच जण मोव्ह म्हणतात. तो ऊबदार असतो, पण पिवळ्या दिव्याखाली पटकन गुलाबी होतो. तपकिरी झाकेचा जांभळा सर्वांत समजूतदार: लाकूड, माती, ताग, कातडे या सगळ्यांशी त्याचे जमते आणि उजेड बदलला तरी तो फारसा बिथरत नाही. पहिल्यांदाच हा रंग वापरणाऱ्याने तपकिरी झाकेपासून सुरुवात करावी असे माझे स्पष्ट मत आहे. निव्वळ करडी झाक सर्वांत संयत असते, पण उजेड कमी असलेल्या खोलीत तिच्यातला जांभळा पार नाहीसा होऊन भिंत राखाडी दिसण्याचा संभव असतो.

झाक ओळखण्यासाठी शेडकार्डाचा तुकडा एकटा पाहून उपयोग होत नाही. तो कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवावा आणि त्याच्या बाजूला आणखी तीन-चार मंद जांभळे ठेवावेत, म्हणजे एकट्याने करडा वाटणारा रंग शेजाऱ्यांच्या तुलनेत निळा आहे की तांबूस, हे लगेच उघड होते. शेडकार्डाच्या एकाच पट्टीवर फिकटापासून गडदापर्यंत छटा दिलेल्या असतील, तर पट्टीच्या तळाची सर्वांत गडद छटा पाहावी. फिकट छटेत दडलेली झाक तिथे बहुधा स्पष्ट दिसते.

आता या साऱ्या निवडीतली सर्वांत महत्त्वाची सूचना. शेडकार्डावर जो जांभळा अगदी हवा तसा वाटतो, त्याहून एक पायरी अधिक करडा रंग घ्यावा. खोलीतल्या एका भिंतीवरून परतलेला प्रकाश समोरच्या भिंतीवर पडतो, तिथून पुन्हा पहिल्या भिंतीवर येतो आणि प्रत्येक फेरीत त्या रंगाचा अंश बरोबर घेऊन येतो. त्यामुळे चार भिंतींच्या मधोमध तोच रंग कागदावरच्या तुकड्यापेक्षा जास्त गहिरा आणि जास्त जांभळा दिसतो. खोलीच्या कोपऱ्यात, जिथे दोन भिंती एकमेकींना भिडतात, तिथे हा फरक डोळ्यांनी सहज टिपता येतो. दुकानात ‘हा तर करडाच आहे’ असे वाटणारा रंग घरात चढल्यावर निःसंशय जांभळा ठरतो.

उजळपणा ठरवण्यासाठी अनेक कंपन्या शेडकार्डावर प्रकाश-परावर्तनाचा आकडा छापतात. पूर्ण काळ्यासाठी ० आणि पूर्ण पांढऱ्यासाठी १०० असे हे मोजमाप असते. दिवसाही दिवा लावावा लागतो अशा खोलीसाठी ५० च्या वरचा रंग पाहावा. भरपूर उजेडाच्या खोलीत ३० ते ४५ च्या दरम्यानचे जांभळे फार सुंदर दिसतात, कारण त्याहून फिकट छटा प्रखर उजेडात विरून जातात. २० च्या खालचे गडद रंग मुद्दाम घेरलेली, अंतर्मुख खोली हवी असेल तेव्हाच निवडावेत.

उजेडाची दिशा, वेळ आणि दिवे

उत्तर गोलार्धात उत्तरेकडच्या खिडकीतून वर्षाचा बहुतेक काळ थेट ऊन न येता आकाशाचा निळसर उजेड येतो. दक्षिण गोलार्धात हीच गोष्ट दक्षिणेच्या खिडकीला लागू पडते. अशा खोलीत निळसर झाकेचा जांभळा सिमेंटी आणि उदास दिसतो, म्हणून तिथे गुलाबीसर किंवा तपकिरी झाक घ्यावी. ज्या खोलीत दिवसभर ऊन खेळते, तिथे निळसर झाक त्या उन्हाला छान तोलून धरते. पश्चिमेच्या खोलीत संध्याकाळी नारिंगी ऊन भिंतीवर आले की गुलाबीसर जांभळा जवळजवळ विटकरी होतो. काहींना तो बदल आवडतो, पण तो आधी पाहून मगच मान्य करावा.

खिडकीबाहेर दाट झाडी असेल तर एक वेगळाच परिणाम दिसतो, ज्याचा विचार फारच थोडे लोक करतात. पानांवरून परतून आत येणारा उजेड पिवळसर हिरवा असतो, आणि पिवळसर हिरवा हा जांभळ्याचा विरोधी असल्यामुळे तो त्याला आणखी मळवतो. अशा खोलीत आधीच खूप करडा असलेला जांभळा चिखलट होतो. ‘एक पायरी अधिक करडा’ ही वरची सूचना तिथे सोडून द्यावी आणि थोडा अधिक स्वच्छ जांभळा निवडावा. रंगीत पडद्यांतून गाळून येणाऱ्या उजेडाचेही असेच होते. पिवळे किंवा हिरवे पडदे कायम राहणार असतील तर ते ओढून घेऊन रंग पाहावा.

दिवस मावळताना या रंगात होणारा बदल तर समजून घेण्यासारखा आहे. उजेड मंदावला की आपल्या डोळ्याची लाल रंगाची जाणीव आधी कमी होते आणि निळ्या-हिरव्याची अधिक काळ टिकते. एकोणिसाव्या शतकात चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी हे निरीक्षण नोंदवले आणि आजही ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. जांभळा हा तांबड्या आणि निळ्याच्या मिलाफातून होत असल्यामुळे संधिप्रकाशात त्यातला तांबडा मागे पडतो आणि भिंत दुपारपेक्षा अधिक निळी, अधिक गडद दिसू लागते. ज्या खोलीचा वापर मुख्यतः संध्याकाळी होतो, तिच्यासाठी रंगही संध्याकाळीच पाहून ठरवावा.

दिव्यांच्या बाबतीत दोन आकडे पाहावेत. पहिला केल्विनचा, म्हणजे दिव्याचा उजेड पिवळसर आहे की निळसर ते सांगणारा. २७०० ते ३००० केल्विनचा दिवा पिवळसर उजेड देतो आणि जांभळ्याला तपकिरी-गुलाबी बाजूला ओढतो, ४००० च्या आसपासचा दिवा रंग बराचसा जसाच्या तसा ठेवतो, तर ६५०० चा पांढराशुभ्र दिवा निळसरपणा वाढवून भिंत थंड करतो. दुसरा आकडा रंग किती खरे दिसतात ते सांगणाऱ्या सीआरआयचा. त्याची कमाल मर्यादा १०० आहे आणि या रंगासाठी ९० किंवा त्याहून अधिक असलेला दिवा घ्यावा. कमी सीआरआयच्या अनेक एलईडी दिव्यांत गडद लाल प्रकाश अपुरा असतो आणि नेमका तोच नसला की जांभळ्यातली ऊब निघून जाते. महिनाभर रंग शोधून शेवटी तो हलक्या प्रतीच्या दिव्याखाली पाहणे म्हणजे सगळी मेहनत वाया घालवणे होय. शक्य असेल तर दिवे आधी बदलावेत आणि रंग नंतर ठरवावा.

नमुना कसा पाहावा

निवड दोन-तीन छटांवर आली की त्यांचे छोटे नमुना-डबे आणावेत आणि जाड पुठ्ठ्यावर, निदान दीड फूट लांब आणि एक फूट रुंद, प्रत्येक छटेचे दोन हात द्यावेत. थेट भिंतीवर ठिपके लावण्याची पद्धत मला पटत नाही, कारण भिंतीचा जुना रंग डोळ्याला फसवतो: जुनी भिंत पिवळट असेल तर कोणताही करडा-जांभळा तिच्यावर आहे त्याहून जास्त जांभळा दिसतो. पुठ्ठ्याच्या कडेने बोटभर पांढरी किनार सोडली की रंग जुन्या भिंतीपासून वेगळा पडतो आणि पुठ्ठा खोलीभर फिरवता येतो.

तो सकाळी, भर दुपारी, दिवेलागणीला आणि रात्री दिव्याखाली पाहावा. खिडकीसमोरच्या भिंतीवर एकदा आणि खिडकीच्याच भिंतीवर एकदा टेकवून पाहावा, कारण खिडकीच्या भिंतीवर उजेड सर्वांत कमी पडतो आणि तोच रंग तिथे दोन पायऱ्या गडद वाटतो. पुठ्ठा जमिनीवर आडवा टाकून पाहण्याची चूक टाळावी. वरून पडणारा उजेड आडव्या पृष्ठभागावर जास्त येतो, तर भिंत उभी असते. एक पुठ्ठा घडी घालून खोलीच्या कोपऱ्यात उभा केला तर दोन बाजू एकमेकींवर रंग टाकताना दिसतात आणि पूर्ण रंगवलेल्या खोलीचा अंदाज बऱ्यापैकी येतो. लादी, गादीची खोळ, पडद्याचे कापड, कपाटाचे दार अशा ज्या गोष्टी बदलणार नाहीत, त्यांच्याशी पुठ्ठा भिडवून पाहिल्याशिवाय कोणताही निर्णय पक्का समजू नये.

एका कंपनीची छटा दुसऱ्या कंपनीच्या रंगात ‘मॅच’ करून घेण्याचा मोह जांभळ्याच्या बाबतीत आवरावा. एकच छटा वेगवेगळ्या रंगद्रव्यांच्या मिश्रणातून तयार होऊ शकते. अशा दोन छटा दुकानाच्या दिव्याखाली तंतोतंत जुळतात आणि घरच्या दिव्याखाली वेगळ्या दिसतात. या प्रकाराला मेटामेरिझम म्हणतात. खोलीत खूप ऊन येत असेल तर रंग टिकण्याविषयीही दुकानदाराला विचारून घ्यावे, कारण जांभळ्यासाठी वापरली जाणारी काही सेंद्रिय रंगद्रव्ये फिकट छटांमध्ये थेट उन्हात उडतात, तर लोहाच्या तांबड्या ऑक्साइडवर आधारलेल्या तपकिरी-जांभळ्या छटा चांगल्या टिकतात.

शेजारचे रंग, आणि त्यातही पांढरा

मंद जांभळ्याच्या खोल्या बिघडतात त्या बहुधा चुकीच्या पांढऱ्यामुळे, असे मी ठामपणे म्हणेन. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल यूजीन शेव्ह्रल हे पॅरिसच्या गोबलँ विणकाम कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख असताना काही धाग्यांचा काळा रंग फिका दिसतो अशी तक्रार त्यांच्याकडे आली होती. तपासाअंती त्यांच्या लक्षात आले की धागा नीटच रंगला होता. शेजारी विणलेल्या रंगामुळे तो तसा भासत होता. १८३९ मध्ये त्यांनी हा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याचे सार आपल्या कामापुरते असे की कोणताही रंग आपल्या शेजाऱ्याला स्वतःच्या विरोधी रंगाकडे ढकलतो. जांभळ्या भिंतीला लागून असलेली पांढरी चौकट त्यामुळे किंचित पिवळसर-हिरवट दिसते, आणि ती आधीच क्रीम असेल तर जुनाट, मळलेली वाटू लागते. इतरत्र शोभणारा क्रीम इथे घात करतो. छतासाठी, चौकटींसाठी आणि स्कर्टिंगसाठी किंचित करडी किंवा अगदी पुसट गुलाबी झाक असलेला पांढरा घ्यावा. अगदी शुभ्र पांढराही चालतो, पण त्याची कड इतकी धारदार दिसते की रंगातला निवांतपणा कमी होतो. त्याहून चांगला उपाय म्हणजे भिंतीचाच रंग पांढऱ्यात मिसळून चौथ्या हिश्श्याइतका फिका करून छताला देणे. कंपनीच्या टिंटिंग मशिनवर तोच रंग पाव प्रमाणात मिसळून मिळू शकतो.

याच नियमामुळे करड्या लाद्या जांभळ्या भिंतीजवळ थोड्या हिरवट भासतात. लाद्या बदलता येत नसतील तर एक सतरंजी मध्ये घालून दोन्ही पृष्ठभागांची थेट गाठ टाळता येते.

लाकडाशी मात्र या रंगाचे फार चांगले जमते. पिवळसर किंवा मधाळ लाकूड हे जांभळ्याचे विरोधी असल्यामुळे दोघेही एकमेकांना उठाव देतात, आणि जांभळा मंद असल्यामुळे हा विरोध टोचत नाही. गडद तपकिरी लाकडाशेजारी मध्यम जांभळा धीरगंभीर दिसतो. अडचण होते ती तांबूस पॉलिश केलेल्या लाकडाची; त्याच्या बाजूला गुलाबीसर जांभळा ठेवला तर दोन्ही मिळून खोली जड होते, म्हणून तिथे निळसर किंवा निव्वळ करडी झाक घ्यावी. सोबतीला रंग हवे असतील तर राखट हिरवा, शेवाळी, वाळूचा रंग आणि थोडासा मोहरी-पिवळा हे माझ्या मते सर्वांत विश्वासाचे सोबती आहेत. मोहरी-पिवळा उशीच्या एखाद्या अभ्र्यापुरता ठेवावा. तो वाढला की जांभळ्याला झाकोळतो. पितळी कड्या आणि दिवे या भिंतीवर उजळून निघतात, स्टीलचे थंड दिसतात, आणि काळ्या बारीक चौकटीमुळे फिकट जांभळ्याला आवश्यक तो रेखीवपणा येतो.

आणखी एक गोष्ट पोताची. मंद रंग मुळातच शांत असल्यामुळे त्याच्यासोबत सगळेच गुळगुळीत असेल तर खोली निर्जीव होते. जाडे सुती कापड, विणलेली टोपली, खरखरीत लोकर, न चकाकणारी मातीची भांडी यांच्या संगतीत तोच रंग भरून येतो.

कोणत्या खोलीत किती

झोपण्याची खोली या रंगासाठी सर्वांत योग्य. तिथे आपण बहुतेक वेळ मंद उजेडात असतो आणि हा रंग मंद उजेडातच फुलतो. चारही भिंतींना तपकिरी झाकेचा मध्यम जांभळा, छताला त्याचाच पाव हिस्सा आणि उशाशी पिवळसर दिवे एवढ्यावर खोली पूर्ण होते. फक्त एकच भिंत रंगवून बाकी तीन पांढऱ्या ठेवण्याची पद्धत फिकट छटेसाठी मी सुचवणार नाही, कारण पांढऱ्याच्या मध्ये सापडलेली फिकट जांभळी भिंत अर्धवट राहिलेल्या कामासारखी दिसते. एकच भिंत रंगवायची असेल तर ती पलंगामागची असावी आणि रंग चांगला गडद, वांगी किंवा आमसुली छटेचा असावा. मग ती निवड ठाम आणि जाणीवपूर्वक केलेली वाटते. पलंगामागची भिंत आपण झोपताना पाहत नाही, आत येताना पाहतो, त्यामुळे गडद रंगाचा भार डोळ्यावर सतत राहत नाही.

बैठकीच्या खोलीत माणसांची ये-जा आणि वस्तूंची गर्दी असते, म्हणून तिथे अधिक करडी छटा घ्यावी आणि भिंतींवर चित्रे लावायची असतील तर झाक तटस्थ ठेवावी. पुस्तकांच्या कपाटाची पाठ किंवा भिंतीतल्या कोनाड्याची आतली बाजू गडद जांभळ्याने रंगवणे हा कमी खर्चाचा आणि सहज मागे घेता येणारा प्रयोग आहे. रंगाशी ओळख करून घेण्यासाठी तो मी आवर्जून सुचवतो. अरुंद बोळात भिंतीचा खालचा तिसरा हिस्सा जांभळा आणि वरचा पांढरा ठेवला तर हाता-पायांचे डाग लपतात आणि उजेडही टिकतो. रेघ भिंतीच्या बरोबर मध्यावर येऊ देऊ नये. तशी ती आली की बोळ अधिक ठेंगणा दिसतो.

अभ्यासाच्या खोलीत निळसर झाक चालते. स्वयंपाकघरात भिंतींपेक्षा कपाटांच्या खालच्या दारांना हा रंग बरा. न्हाणीघरात आरशाजवळ गुलाबीसर किंवा हिरवट-करडी झाक टाळावी, कारण भिंतीवरून परतणारा उजेड चेहऱ्यावर पडतो आणि त्वचेचा रंग विचित्र दिसतो.

भिंतीची तयारी आणि प्रत्यक्ष रंगकाम

चकाकी किती असावी हे आधी ठरवावे. बिनचकाकीच्या, म्हणजे मॅट रंगात मंद जांभळा सर्वांत मऊ आणि थोडा उजळ दिसतो, आणि भिंतीचे उंचवटेही झाकले जातात; चकाकी वाढली की तोच रंग अधिक गडद आणि तीव्र वाटतो. म्हणून झोपण्याच्या आणि बैठकीच्या खोलीत मॅट, बोळात आणि मुलांच्या खोलीत पुसता येणारा, किंचित चकाकीचा साटिन, तर दारे-चौकटींना अर्धचकाकीचा रंग घ्यावा. नमुना ज्या चकाकीत पाहिला, त्याच चकाकीत डबा आणावा.

ओल असलेल्या भिंतीवर कोणताही रंग चढवू नये. आधी पाणी कुठून येते ते शोधून दुरुस्ती करावी. नव्या सिमेंट-गिलाव्याला निदान २८ दिवस सुकू द्यावे, कारण ओल्या गिलाव्यातला क्षार वर येऊन रंगावर पांढरे डाग पाडतो आणि काही रंगद्रव्यांना तो सोसतही नाही. जुने पोपडे खरवडून, भेगा लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरून, सुकल्यावर आधी १२० आणि शेवटी २२० नंबरच्या पॉलिश पेपरने भिंत घासावी आणि धूळ ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. घर खूप जुने असेल तर जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असते. तो कोरडा घासण्यापूर्वी तपासून घ्यावा, कारण शिशाची धूळ, विशेषतः लहान मुलांना, घातक असते.

प्रायमर, म्हणजे रंगाआधी दिला जाणारा अस्तराचा हात, टाळू नये. खाली पिवळी किंवा नारिंगी भिंत असेल तर ती जांभळ्याच्या पातळ हातातून वर डोकावते, आणि विरोधी रंग असल्यामुळे जांभळा नुसता फिका न पडता मातकट होतो. अशा ठिकाणी पांढऱ्या प्रायमरचे दोन हात द्यावेत. गडद वांगी छटेसाठी मात्र करडा प्रायमर वापरावा, म्हणजे वरचे हात कमी लागतात.

रंगाचा हिशेब सोपा आहे. १४ बाय १२ फुटांच्या आणि १० फूट उंच खोलीचा घेर ५२ फूट, म्हणजे भिंतींचे क्षेत्रफळ ५२० चौरस फूट. एक दार आणि दोन खिडक्यांचे सुमारे ६० चौरस फूट वजा केले की ४६० उरतात आणि दोन हातांसाठी ते ९२० होतात. गुळगुळीत भिंतीवर एका लिटरमध्ये एका हाताला ढोबळमानाने १०० ते १२० चौरस फूट निघतात, तेव्हा ९ लिटरपेक्षा थोडा अधिक रंग लागेल असे धरून १० लिटर घ्यावा. नेमका आकडा डब्यावर दिलेला असतो. सगळे डबे एकाच वेळी, एकाच बॅचचे घ्यावेत आणि काम सुरू करण्यापूर्वी मोठ्या बादलीत एकत्र ढवळावेत. दोन डब्यांतला सूक्ष्म फरक पांढऱ्यात दिसत नाही, पण मंद जांभळ्यात भिंतीच्या मधोमध उभी रेघ होऊन दिसतो.

कडा आणि कोपरे दोन इंची ब्रशने आधी भरून घ्यावेत, पण एका वेळी एकाच भिंतीचे, म्हणजे ती कड ओली असतानाच रोलर तिच्यापर्यंत पोहोचतो. रोलर वरपासून खालपर्यंत, प्रत्येक पट्टा आधीच्या ओल्या पट्ट्यावर थोडा चढवत फिरवावा आणि भिंत पूर्ण झाल्याशिवाय थांबू नये. सुकू लागलेल्या रंगावर पुन्हा रोलर फिरवला तर तिथे पोत बदलतो आणि मॅट जांभळ्यावर तो चट्टा तिरप्या उन्हात कायम दिसत राहतो. भिंतीवर थेट ऊन असताना काम करू नये. पाण्यात मिसळणारे इमल्शन ओले असताना दुधट आणि फिकट दिसते आणि सुकल्यावर गडद होते, म्हणून पहिला हात देताना रंग चुकल्यासारखा वाटला तरी घाबरून जाऊ नये. दुसरा हात पूर्ण सुकेपर्यंत कोणताही निष्कर्ष काढू नये. दोन हातांमध्ये बहुतेक इमल्शनना चारेक तास लागतात, दमट हवेत अधिक. शेवटच्या हातानंतर मास्किंग टेप रंग किंचित ओला असतानाच तिरपी ओढून काढावी, म्हणजे कड तुटत नाही.

भिंत हाताला कोरडी लागली तरी रंगाचा थर पूर्ण कडक व्हायला तीन-चार आठवडे जातात. तेवढ्या काळात ती पुसू किंवा घासू नये आणि फर्निचर तिला टेकवू नये. उरलेला रंग छोट्या, काठोकाठ भरलेल्या घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवून तिच्यावर कंपनी, छटेचे नाव व क्रमांक, चकाकी, बॅच आणि खोली लिहून ठेवावी. पुढे ओरखडा पडला तर त्याच प्रकारच्या लहान रोलरने तेवढ्यापुरता रंग लावून पाहावा. वर्ष-दोन वर्षांनंतर मात्र नव्या रंगाचा चौकोन जुन्या भिंतीत वेगळा उठून दिसतो. अशा वेळी एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत ती पूर्ण भिंतच पुन्हा एक हात देऊन रंगवावी.